उतार

सेमिनरीत आम्हाला तत्त्वज्ञान शिकवले, ईशज्ञान शिकवले, बायबलचे अन्वयार्थ शिकवले, लॅटिनचीही तोंडओळख करून दिली. मात्र सांडपाण्याच्या नळाला उतार किती द्यावा, हे कोणी शिकवले नाही. तो धडा मला वयाच्या पन्नाशीनंतर, पनवेलला, एका मिस्त्रीने आणि आमच्या बागेत काम करणाऱ्या मावशींनी दिला. धडा तसा साधाच होता, पण त्याची फी मला बरीच जड गेली.

आमच्या धर्मगुरुनिवासाच्या मागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे जास्वंद, अबोली, मोगरा, चार केळी, आळूचे दोन वाफे आणि कडेला एक जुनी विहीर आहे. विहिरीपासून थोड्या अंतरावर पत्र्याची एक शेड आहे. फावडी, खुरपी, कोयता, झारी, शेणखताची पोती, नाताळच्या गोठ्याचे बांबू असे सारे काही त्या शेडमध्ये नांदते. या बागेची खरी धनीण म्हणजे मावशी. नेऱ्याच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वाडी आहे. सकाळी आठला येतात, सायंकाळी पाचला जातात. माझ्या आधीच्या दोन धर्मगुरूंच्या काळापासून त्या इथे आहेत. वेदीवरची फुले त्यांच्याच हातची असतात. त्या स्वतः ख्रिस्ती नाहीत. पण सणासुदीला वेदीवर कोणती फुले किती लागतात, हे त्यांना आमच्या सजावट समितीपेक्षा अधिक ठाऊक.

गोष्ट मे महिन्यातली. पनवेलचा मे महिना ज्यांनी सोसला आहे त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको. खाडीची दमट हवा आणि डोंगराचा ताप दोन्ही एकदम अंगावर येतात. दुपारी बाराच्या सुमारास मावशी केळीच्या बुंध्याशी बसल्या होत्या. मी फ्रीजमधले गार पाणी तांब्याभर नेऊन दिले. त्यांनी तांब्या घेतला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "पिते मागनं, फादर." तासाभराने पाहिले तर तांब्या तसाच भरलेला. मला वाटले, उपवास असेल.

धर्मग्रामातल्या एका शिक्षिकाबाईंनी माझा गैरसमज दूर केला. "फादर, त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. प्यायल्या तर जायचे कुठे?"

जायचे कुठे! प्रश्न दोन शब्दांचा होता. निवासातले शौचालय माझ्या कचेरीच्या पलीकडे, आतल्या बाजूस. सभागृहाची शौचालये कार्यक्रम नसला की कुलूपबंद, आणि किल्ली माझ्या टेबलाच्या खणात. म्हणजे इतकी वर्षे एक स्त्री सकाळी आठपासून सायंकाळी पाचपर्यंत आमच्या आवारात राबत होती आणि त्यासाठी तहान मारत होती. त्याच आवारात मी 'मी तान्हेला होतो' या वचनावर किती प्रवचने दिली असतील, याचा हिशेब मी त्या दिवशी केला नाही. करण्याचे धैर्य नव्हते.

मी ताबडतोब सभागृहाची किल्ली त्यांना दिली. त्यांनी ती घेतली, पण वापरली क्वचितच. विचारले तर म्हणाल्या, "पाय मातीचे असतात फादर. फरशी घान होते. मंग पोरींना पुसायला लागते." तेव्हा ठरवले, शेडला लागूनच एक छोटे शौचालय आणि हातपाय धुवायला मोरी बांधायची.

धर्मग्रामाच्या समितीत विषय निघाला तेव्हा दोघे-तिघे गप्प राहिले. एकाने सभागृहाच्या गळक्या छपराची आठवण करून दिली आणि त्यात त्याची चूकही नव्हती. दुसऱ्याने स्वस्तातला मार्ग सुचवला : टाकीपर्यंत नळ नेण्यापेक्षा शेडच्या मागेच एक शोषखड्डा खणावा, काम दोन दिवसांत उरकेल. मला तो मार्ग आवडला. कमी खर्च, कमी खोदकाम, आणि माझ्या मनाची टोचणी लवकर थांबणार!

मिस्त्रींनी मात्र मान हलवली. शेडच्या मागची ती जागा विहिरीपासून जेमतेम बारा मीटर. मैल्याचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान अठरा मीटर दूर असावा, असा दंडक आहे. शिवाय पनवेलचा पाऊस! वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे अशी तळी ज्या गावाने जपली त्या गावात पाण्याची वाट अडवून चालत नाही. २६ जुलै २००५ रोजी गाढी नदीने पनवेलकरांना काय दाखवले ते इथल्या जुन्या माणसांना आजही आठवते. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर चढते, तेव्हा शोषखड्डा शोषायचे सोडून उलट ओकू लागतो. "फादर, विहिरीचे पाणी तुमच्याच टाकीत चढते," मिस्त्री म्हणाले. त्या एका वाक्याने समितीचा विचार बदलला. नळ निवासाच्या जुन्या सेप्टिक टाकीपर्यंतच न्यायचा असे ठरले. अंतर सुमारे पंचवीस मीटर.

इथे थोडा तांत्रिक तपशील सांगतो. वाचकांपैकी कोणाला घरी किंवा वाडीत असे काम काढायचे असेल तर उपयोगी पडेल. सांडपाण्याच्या नळात दाब नसतो. तिथे पाणी केवळ स्वतःच्या वजनाने जाते, म्हणून उतार हाच त्याचा प्राण. मॅग्वायर यांच्या नावाने ओळखला जाणारा एक सोपा आडाखा बांधकामात रूढ आहे : चार इंची नळाला चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठ फुटांत एक फूट, नऊ इंचीला नव्वद फुटांत एक फूट. नळ मोठा होईल तसा उतार कमी लागतो. या हिशेबाने पंचवीस मीटरला सुमारे बासष्ट सेंटिमीटर उतार हवा. उतार कमी पडला तर पाण्याचा वेग मंदावतो आणि मैला तळाशी बसतो. अति झाला तरी पाणी भरभर पुढे पळून जाते आणि घन भाग मागे राहतो, असे जुने कारागीर सांगतात.

डोळ्यांना आमचे आवार सपाट दिसत होते. मिस्त्रींनी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी पाहिली तेव्हा टाकीच्या बाजूला जमीन चार इंच उंच निघाली. म्हणजे शेडपाशी चर एक फूट खोल, तर टाकीपाशी सुमारे एक मीटर. टाकी जुनी आणि खोल असल्यामुळे ते जमण्यासारखे होते.

खोदकाम सुरू झाले. वर काळी माती, खाली मुरूम, आणि दोन तृतीयांश अंतर गेल्यावर काळा पाषाण. सह्याद्रीचा मूळ दगड तो. पहारीने ठिणग्या उडत होत्या, पण टवका निघत नव्हता. मे संपत आला होता, ढग जमू लागले होते, मजुरी वाढत होती. ब्रेकर यंत्र आणायचे म्हणजे आणखी खर्च. मी चराच्या काठावर उभा राहून म्हणालो, "एवढा दगड फोडायला नको. नळ थोडा वरून घ्या. थोडे वर-खाली चालेल."

मिस्त्रींनी घाम पुसला आणि माझ्याकडे पाहिले. "फादर, तुमचे म्हणणे आम्ही ऐकू. पाणी ऐकणार नाही."

मी हसलो. नळ वरूनच गेला. बासष्टऐवजी जेमतेम पंचवीस सेंटिमीटर उतार मिळाला, दगडाच्या पाठीवर नळाला किंचित कुबड आले, आणि जागा वाचवण्यासाठी एके ठिकाणी काटकोनी वळण दिले गेले. जूनच्या पहिल्या आठवड्यात काम संपले. मी आशीर्वादाची प्रार्थना म्हटली, मावशींनी उंबऱ्याशी अबोलीची दोन फुले ठेवली. माझे मन हलके झाले, आणि त्या हलकेपणात मी तो विषय विसरून गेलो.

जुलैच्या अखेरीस एका पहाटे झोप लवकर उघडली. पाऊस नुकताच थांबला होता. प्रार्थनेचे पुस्तक घेऊन मागच्या व्हरांड्यात आलो तर शेडपाशी हालचाल दिसली. चोर असावा असे वाटून पुढे गेलो. मावशी होत्या. साडीचा काष्टा मारून, तोंडाला पदर बांधून त्या बांबूच्या लांब काठीने नळाचे तोंड मोकळे करीत होत्या. बाजूला घमेले. त्यात काय होते ते सांगायला नको.

"मावशी, हे काय?"

त्या दचकल्या. चोरी पकडली जावी तशा उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काय नाय फादर. कधी कधी तुंबते. माझंच हाय, मीच काढते. तुमाला कशाला तरास?"

नंतर कळले, तीन आठवड्यांपासून हे चालले होते. दर दोन-तीन दिवसांनी त्या पहिल्या गाडीने येत आणि कोणी उठायच्या आत नळ मोकळा करून ठेवत. तक्रार केली तर फादरांना वाईट वाटेल, समितीत त्यांना बोल लागेल, आणि मिळालेली सोय जाईल, अशी त्यांची भीती. त्यांची तहान भागवायला मी हे बांधले, आणि त्याच्या बदल्यात त्यांच्या हाती हे काम दिले. दगड फोडण्याचा एक दिवस मी वाचवला होता. तो त्यांनी पहाटे-पहाटे, हाताने, हप्त्याहप्त्याने फेडला होता.

त्या आठवड्यात आणखी एक प्रसंग घडला. तोही लिहितो, नाहीतर कथन अर्धे राहील. तुंबण्याची गोष्ट ऐकून एका हितचिंतकांनी सुचवले, "मी एक माणूस पाठवतो. तो टाकीत उतरतो, काठी घालतो, तासाभरात मोकळे. पाचशे रुपये द्या." आणि मी 'बरे' म्हणालो. खरोखर म्हणालो. फोन ठेवल्यावर त्या शब्दाचा अर्थ ध्यानात आला. सेप्टिक टाकीत साचणारा विषारी वायू माणसाला आवाज देण्याचीही उसंत देत नाही, आणि वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही, अशा बातम्या आपण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचतो आणि पान उलटतो. माणसाला संरक्षक साधनांविना टाकीत उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. मी तो जीव पाचशे रुपयांना मागवत होतो! मी पुन्हा फोन लावला आणि नको म्हणून सांगितले. पण माझ्या तोंडून पहिल्यांदा 'बरे' गेले होते, हे मी विसरू शकत नाही.

शौचालयाला कुलूप लावले. मावशींना सभागृहाची किल्ली कायमची दिली आणि फरशी पुसण्याचे काम पावसाळाभर मी माझ्याकडे घेतले. पाऊस संपेपर्यंत खणता येणार नव्हते. तो वेळ वाचनात गेला.

आप्पासाहेब पटवर्धनांविषयी मी पूर्वी वरवर वाचले होते, आता नीट वाचले. रत्नागिरी जिल्ह्यातला हा उच्चशिक्षित ब्राह्मण, ज्याला लोक 'कोकणचे गांधी' म्हणत. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. उच्चवर्णीय कैद्याला ते देता येत नाही असे उत्तर मिळाले, तेव्हा त्यासाठी त्यांनी अन्नत्याग आरंभला, आणि येरवड्यात बंदिस्त असलेल्या गांधीजींनी त्यांची बाजू घेतली. पुढे १९४८ साली त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. मैला डोक्यावरून वाहण्याची पाळी कोणावर येऊ नये आणि त्याचे खत व्हावे, यासाठी त्यांनी घडवलेला संडास 'गोपुरी संडास' म्हणून ओळखला गेला. त्यांचाच वारसा सांगत देहूला डॉ. मापुसकरांनी आयुष्यभर गावाच्या शौचालयांचा प्रश्न हाताळला आणि मैल्यापासून गॅस करून दाखवला. २०१५ साली ते गेले, २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या माणसांनी घाणीकडे पाठ फिरवली नाही. त्यांनी तिला वाट शोधून दिली.

मग माझ्याच घरातली एक वाट मला आठवली. आमच्या वस्त्रागारात कोपऱ्यात एक छोटे कुंड आहे. मिस्साबलिदानात वापरलेली पवित्र वस्त्रे प्रथम खळबळतात ते पाणी त्यात ओततात. लॅटिनमध्ये त्याला 'साक्रारियुम' म्हणतात. त्याचा नळ गटाराला जोडत नाहीत. तो सरळ जमिनीत जातो, कारण त्या पाण्याला परमप्रसादाचा स्पर्श झालेला असतो. सेमिनरीत हा नियम आम्ही पाठ केला होता, आणि चर्चची डागडुजी झाली तेव्हा तो नळ नीट उतरतो की नाही, हे मी स्वतः वाकून पाहिले होते. त्या नळासाठी मी वाकलो. शेडच्या नळाच्या वेळी मात्र काठावर उभा राहून 'चालेल' म्हणालो.

बायबलमध्ये अनुवाद ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात एक सूचना आहे. ती मी आजवर मंदिरात कधी वाचून दाखवली नव्हती. छावणीतल्या प्रत्येकाने शस्त्रांबरोबर खणण्याचे एक साधन बाळगावे, बाहेर जाऊन खड्डा खणावा आणि मळ झाकून टाकावा, कारण परमेश्वर छावणीत फिरत असतो. 'प्रत्येकाने' हा त्यातला महत्त्वाचा भाग. एकाने करावे आणि दुसऱ्याने काढावे, असे तिथे नाही.

ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला. चर पुन्हा उघडायचे ठरले, आणि या वेळी मी फावडे हाती घेतले. पहिल्या रविवारी मिस्सानंतर तरुणांपैकी चौघे आले, दुसऱ्या रविवारी अकरा. छपराची आठवण करून देणारे समितीचे सभासदही बाही सरसावून उतरले आणि माझ्यापेक्षा चांगले खणू लागले. दगडासाठी एक दिवस ब्रेकर आणला. जो खर्च टाळण्यासाठी मी एवढे केले तो दुरुस्तीच्या एकूण खर्चाचा अगदी लहान भाग होता.

मिस्त्रींनी काम नव्याने मांडले. चराच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून उताराची दोरी ताणली. तळाशी रेतीचा थर, म्हणजे नळाला खालून दगड टोचू नये. काटकोनी वळण काढून त्याजागी दोन सौम्य वळणे आणि मध्ये विटांचे तपासणी-चेंबर बांधले. पुढे कधी तुंबलेच तर वरूनच, माणूस न उतरवता, सळईने मोकळे करता यावे म्हणून. शेडच्या छपरावर हवेचा उभा नळ नेला. मोरीला ट्रॅप बसवला. त्याच्या बाकात दोन इंच पाणी सदैव उभे असते आणि ते टाकीचा वायू आत येऊ देत नाही. या साऱ्या रचनेत मला ते दोन इंच पाणी फार आवडले. दिसत नाही, वाहत नाही, पण ते आहे म्हणून घरात श्वास घेता येतो.

माती लोटण्याआधी परीक्षा. एका टोकाला आरसा धरून ऊन आत सोडले आणि दुसऱ्या टोकाने पाहिले. चेंबरपर्यंतच्या तुकड्यात पूर्ण गोल उजेड दिसला, म्हणजे नळ सरळ. मग मिस्त्री म्हणाले, "आता एक चेंडू आणा." वेदीसेवक मुलांपैकी एकाने क्रिकेटचा रबरी चेंडू खिशातून काढला. मिस्साच्या वेळीही तो खिशातच असतो हे मला तेव्हा कळले. तो शेडकडच्या तोंडातून आत सोडला. सारी मुले चेंबरच्या काठावर पालथी पडून पाहू लागली. काही क्षण काहीच नाही. मग नळात घरंगळण्याचा बारीक आवाज, आणि चेंडू टपकन बाहेर. असा जल्लोष झाला की शेजारच्या वाड्यातली माणसे गॅलरीत आली. चेंडू पुढच्या तुकड्यात सोडला, तिथूनही तो टाकीपर्यंत विनातक्रार गेला. कोणी ढकलला नाही. उतार बरोबर होता, एवढेच.

मावशी केळीपाशी उभ्या राहून पाहत होत्या. मी जवळ गेलो आणि गेले तीन महिने ओठावर असलेले शब्द एकदाचे बोललो, "मावशी, मला माफ करा. माझ्या हट्टामुळे तुम्हाला ते काम करावे लागले."

त्या बावरल्या. धर्मगुरूने माफी मागावी याची त्यांना सवय नव्हती, आणि खरे सांगायचे तर मलाही नव्हती. पापनिवेदनाच्या जाळीच्या एका बाजूला बसण्याची सवय असलेल्या माणसाला दुसरी बाजू कठीण जाते. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तुमी पन खनलंत ना फादर." आणि मजुरांनी विस्कटलेली अबोलीची रोपे उचलून चराच्या नव्या मातीवर एका ओळीत लावू लागल्या.

त्यानंतर दोन पावसाळे गेले, नळ तुंबलेला नाही. जमिनीवरून पाहणाऱ्याला तिथे अबोलीची एक लांब, किंचित तिरपी रांग दिसते. तिच्या खालून काय जाते हे आम्हा काही जणांनाच माहीत.

शेडमध्ये आता फावड्यांच्या शेजारी तिवईवर एक माठ आहे. तो मावशींनी स्वतः पनवेलच्या बाजारातून आणला. मे महिन्यात दुपारी मी व्हरांड्यात असलो की पेला माठात बुडाल्याचा आवाज येतो. कधी दिवसातून चारदा, कधी पाचदा. मी मोजतो.